"सर्व्हर डाऊन आहे": नेटवर्कचा नकाशा उगाच लाल का होतो आणि त्याच्या सेटिंग कशा लावायच्या

बँकेची खिडकी असो, दवाखान्याचं काउंटर असो की दाखल्यांची रांग, "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झालंय. पुष्कळदा सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता तुटलेला असतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर साधारण सहा तास बंद पडलं, तेव्हाही डेटा सेंटरमधली यंत्रं जागच्या जागी होती. त्या सेंटरांना एकमेकांशी जोडणारं जाळं देखभालीच्या एका कमांडने तुटलं आणि "आमच्याकडे यायचं तर या वाटेने या" अशी इंटरनेटवर लावलेली पाटीच निघून गेली.

लहान प्रमाणात हे रोज कुठे ना कुठे घडतं. मागच्या खोलीतल्या मॉनिटरवर नेटवर्कचा नकाशा उघडा असतो आणि त्यावरचे चाळीस ठिपके एकदम लाल होतात. चाळीस यंत्रं एकाच मिनिटाला मरत नसतात. मेलेलं एखादंच असतं, बाकीचं लाल नकाशाच्या सेटिंगने आणलेलं असतं. असा नकाशा काढणारी टूल आता फुकटही मिळतात. ती बसवायला अर्धा तास पुरतो. "ॲडव्हान्स्ड" नावाच्या पानाला मात्र कोणी हात लावत नाही, आणि नकाशा खरं बोलणार की खोटं, ते तिथेच ठरतं.

मांडवी, चार दरवाजे आणि टोपॉलॉजी

टोपॉलॉजी म्हणजे कोण कोणाला जोडलेलं आहे याची मांडणी. बडोद्याच्या माणसाला ती वेगळी शिकवायला नको. जुन्या शहराच्या मधोमध मांडवी. तिथून चार रस्ते चार दरवाज्यांकडे जातात: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. ही झाली ताऱ्यासारखी मांडणी. मांडवीत वाहतूक अडली की चारही बाजू अडल्या. प्रत्येक रस्त्याला पोळी, म्हणजे गल्ल्या फुटतात, पोळींना खडक्या, म्हणजे आणखी लहान बोळ फुटतात, ही झाली झाडासारखी मांडणी. बहुतेक ऑफिसांचं नेटवर्क असंच असतं: मध्ये एक मोठा स्विच, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणारा डबा, त्याला मजल्यामजल्यावरचे स्विच आणि त्यांना पीसी, प्रिंटर, कॅमेरे.

नकाशावर यंत्राला नोड म्हणतात आणि दोन नोडमधल्या रेघेला लिंक. पुढे एवढे दोन शब्द पुरतील.

पहिली निवड इथेच करायची असते. टूल दोन प्रकारचे नकाशे काढतं. एक वायरचा: कुठली केबल कुठल्या पोर्टमध्ये, म्हणजे खाचेत, आहे. याला लेयर २ म्हणतात. दुसरा पत्त्यांचा: आयपी पत्त्यांचे कुठले गट कुठल्या राउटरमागे (दोन नेटवर्कना जोडणाऱ्या यंत्रामागे) आहेत. तो लेयर ३. दोन्ही एकाच पडद्यावर टाकायची सोय बहुतेक टूलमध्ये असते आणि ती वापरू नये. नुसतं कोळ्याचं जाळं दिसतं. बिघाड शोधायला वायरचा नकाशा घ्या, पत्त्यांचा वेगळ्या पानावर ठेवा.

यंत्रं शोधायची कशी

टूल यंत्रं स्वतः शोधतं, याला डिस्कव्हरी म्हणतात. ती तीन रीतींनी होते.

पहिली रीत म्हणजे घरोघर जाऊन कडी वाजवणं, म्हणजेच पिंग. इथे दोन आकडे महत्त्वाचे: किती वेळ थांबायचं आणि किती वेळा वाजवायचं. समजा एक सेकंद थांबायचं आणि तीनदा वाजवायचं. /२४ आकाराच्या गटात २५४ पत्ते असतात. सगळी घरं रिकामी निघाली तरी ७६२ सेकंद, म्हणजे पावणेतेरा मिनिटं. आता कोणी घाईत /२४ च्या जागी /१६ लिहिलं, तर पत्ते होतात ६५,५३४ आणि एकेक करून जायचं तर चोपन्न तासांहून जास्त लागतात. टूल एका वेळी अनेक दारं वाजवतं म्हणून प्रत्यक्षात इतकं लागत नाही, पण "डिस्कव्हरी काल सकाळपासून फिरतेय" या तक्रारीचं मूळ बहुधा या एका आकड्यात सापडतं. वापरात असलेले गटच लिहा. आणि पाहुण्यांच्या वायफायचा गट वगळण्याच्या यादीत टाका, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल नकाशावर चढतो.

दुसरी रीत पोळीतली. पोळीत शेजारच्या घरात कोण राहतं ते विचारायला म्युनिसिपालिटीत जावं लागत नाही. स्विचही आपल्या शेजाऱ्याला ठरावीक वेळाने सांगत असतो की मी अमुक, माझ्या तमुक पोर्टातून बोलतोय. या बोलण्याची ठरलेली पद्धत म्हणजे एलएलडीपी. ती साधारणपणे दर ३० सेकंदांनी बोलते आणि ऐकणारा ती माहिती १२० सेकंद खरी धरतो. सिस्को कंपनीच्या सीडीपी या तशाच पद्धतीत हेच आकडे ६० आणि १८० आहेत. वायरचा खरा नकाशा याच रीतीने निघतो. पण स्वस्तातल्या बऱ्याच स्विचवर एलएलडीपी बंद असतं. आधी प्रत्येक स्विचवर ते चालू करा, मग टूलला दोष द्या. एक पोर्ट मात्र सोडायचं: इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे जाणाऱ्या पोर्टवर ते बंदच ठेवा. आपल्या घरची माहिती बाहेर ओरडून सांगायचं काही कारण नाही.

तिसरी रीत म्हणजे स्विचची वही वाचणं. कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र दिसलं याची नोंद स्विच ठेवतो, पण ती बहुधा ३०० सेकंदच टिकते. एखादा प्रिंटर दहा मिनिटं झोपला की त्याचं नाव वहीतून पुसलं जातं. म्हणून रात्री तीन वाजता लावलेली डिस्कव्हरी अर्धं ऑफिस हरवल्याचं सांगते. कामाच्या वेळी चालवा, आणि आधी पिंग, मग वही, हा क्रम ठेवा. पिंगने झोपलेलं यंत्र उत्तर देतं आणि त्याची नोंद ताजी होते.

भुतं आणि जुळी

पहिला नकाशा निघाला की दोन विचित्र गोष्टी हमखास दिसतात.

एका पोर्टावर सहा यंत्रं लटकलेली असतात आणि मध्ये टूलने स्वतःच एक ढग काढलेला असतो. तो ढग म्हणजे टेबलाखाली कोणीतरी लावलेला पाच किंवा आठ पोर्टांचा साधा स्विच. त्याला आयपी पत्ता नसतो, तो कोणाशी बोलत नाही, म्हणून टूलला त्याचा अंदाज बांधावा लागतो. ढग पुसू नका, तिथे जाऊन बघा. अशा स्विचची केबल चुकून दोन्ही बाजूंनी त्यालाच जोडली गेली की पूर्ण मजला बसतो.

दुसरी गोष्ट जुळ्यांची. एका राउटरला पाच आयपी पत्ते असतील तर टूल पाच राउटर काढतं. यासाठी "नोड एकत्र करण्याचा नियम" नावाची सेटिंग असते. बरेच जण तिथे नुसतं नाव निवडतात आणि उलट्याच गोत्यात येतात. नवे स्विच कारखान्यातून एकाच नावाने येतात, तेव्हा चार वेगळे स्विच मिळून एक होतात आणि त्या एका नोडमधून बारा वाटा फुटलेल्या दिसतात. नियमात नावाबरोबर सिरीयल नंबर किंवा चेसिस आयडी (यंत्राची स्वतःची वेगळी ओळख) घ्या. त्याआधी प्रत्येक स्विचला जागेवरून नाव द्या. "मकरपुरा-शेड२-रॅक१" हे नाव रात्री दोन वाजताही समजतं, "स्विच-१४" समजत नाही.

विचारायची परवानगी

स्विचच्या आतली माहिती वाचायची पद्धत म्हणजे एसएनएमपी. टूल यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टावर (हा केबलचा नाही, सॉफ्टवेअरमधला क्रमांक) प्रश्न विचारतं, स्विच उत्तर देतो. तिच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे व्ही२सी मध्ये, पासवर्डच्या जागी एक शब्द असतो. तो मूळचा "पब्लिक" असतो आणि वायरवरून उघडा जातो. किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातलाच प्रकार.

नवी आवृत्ती, व्ही३, घ्या आणि त्यात ओळख पटवणं व मजकूर कुलूपबंद करणं ही दोन्ही कामं चालू ठेवा. टूलमध्ये हा पर्याय ऑथप्रिव्ह नावाने दिसतो. ओळखीसाठी एसएचए आणि कुलपासाठी एईएस निवडा. हक्क फक्त वाचण्याचा द्या. स्विचवर असंही लिहून ठेवा की देखरेखीच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेल्या प्रश्नालाच उत्तर द्यायचं.

यात एक खाचखळगा आहे. जुना स्विच जळाला, त्याचं कॉन्फिगरेशन नव्यावर जसंच्या तसं चढवलं, पासवर्ड तोच, तरी टूल "ओळख पटली नाही" म्हणतं. व्ही३ मधली साठवलेली किल्ली त्या यंत्राच्या इंजिन आयडीला बांधलेली असते. नव्या यंत्राचा आयडी वेगळा, म्हणून किल्ली लागत नाही. तो वापरकर्ता पुसून नव्याने तयार केला की काम होतं.

दर किती वेळाने

टूल ठरावीक अंतराने प्रश्न विचारतं, याला पोलिंग म्हणतात. डेटाच्या वाहतुकीसाठी पाच मिनिटांचं अंतर बऱ्याच टूलमध्ये ठरलेलं असतं आणि ते बरं आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात.

पोर्टावरून किती डेटा गेला ते सांगणारा आकडा गाडीच्या मीटरसारखा फिरतो. जुना मीटर ३२ बिटचा. तो ४२९ कोटी बाइटला शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या भरलेल्या लाइनवर याला ३४३ सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांत एकदा बघितलं तर चालतं. एक जीबीपीएसवर मात्र तो ३४ सेकंदांत फिरतो. पाच मिनिटांत आठ-नऊ वेळा शून्यावर आला आणि आपण दोनदाच बघितलं, तर उत्तर काहीही येऊ शकतं. तुडुंब लाइन नकाशावर हिरवीगार दिसते. उपाय ६४ बिटचा मीटर. टूलमध्ये "हाय कपॅसिटी काउंटर" असा पर्याय असतो, तो चालू करा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत हा मीटरच नाही, म्हणून ती सोडायचं आणखी एक कारण.

पाच मिनिटांच्या सरासरीत झटके लपतात. लाइन तीस सेकंद गच्च भरली आणि बाकी वेळ रिकामी राहिली, तर सरासरी येते १० टक्के. त्या तीस सेकंदांत तुटलेल्या व्हिडिओ कॉलची तक्रार खरी असते आणि नकाशाही आपल्या परीने खरा असतो. मुख्य दोन-चार लिंकना एका मिनिटाचं पोलिंग द्या, सगळ्यांना नको.

रंगांच्या बाबतीतली सर्वांत मोठी चूक वेगाच्या रकान्यात होते. इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची घेतलेली असते, पण ती ज्या पोर्टात येते तो १००० एमबीपीएसचा. टूल पोर्टाचा वेग धरून टक्के काढतं. लाइन काठोकाठ भरली तरी नकाशावर १० टक्के आणि हिरवा रंग. त्या पोर्टाचा वेग हाताने १०० लिहावा लागतो. तसं केलं की ७० टक्क्यांना पिवळा आणि ९० ला लाल या मर्यादांना काही अर्थ येतो.

गरब्याचं मैदान: नकाशा नीट बसवणं

नोड पडद्यावर कुठे बसवायचे हे टूल गणिताने ठरवतं. लोकप्रिय पद्धत अशी: प्रत्येक नोड दुसऱ्याला दूर ढकलतो आणि लिंक स्प्रिंगसारखी जवळ ओढते. नवरात्रातलं मैदान डोळ्यांसमोर आणा. दांडिया लागू नये म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्यापासून अंतर राखतो, पण आपल्या टोळीला सोडत नाही, आणि सगळ्यांना मध्यभागीच्या देवीची ओढ असते. या तीन गोष्टी सेटिंगमध्ये तीन आकड्यांनी येतात: ढकलण्याचा जोर, स्प्रिंगची लांबी आणि मध्याची ओढ.

लिब्रेएनएमएस हे फुकटचं टूल नकाशासाठी व्हिसजेएस नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरतं. तिचे मूळ आकडे असे: ढकलण्याचा जोर उणे २०००, मध्याची ओढ ०.३, स्प्रिंग ९५, आणि हालचाल शमवणारं डॅम्पिंग ०.०९. नावं एकमेकांवर चढत असतील तर स्प्रिंग १५० ते २०० करा. टोळ्या एकमेकींत घुसत असतील तर जोर उणे ५००० पर्यंत न्या. नकाशा जेलीसारखा हलत राहत असेल तर डॅम्पिंग ०.३ च्या आसपास आणा. एका वेळी एकच आकडा बदला. तिन्ही एकदम बदलले की काय कशाने झालं ते कळत नाही आणि परत मूळ आकड्यांवर यावं लागतं.

हजार नोड असतील तर ढकलाढकलीच्या जोड्या होतात ४,९९,५००, आणि प्रत्येक पावलाला त्या सगळ्या मोजायच्या. बार्न्स-हट नावाची १९८६ सालची युक्ती दूरच्या टोळीला एकच माणूस समजते आणि हे काम खूप हलकं करते. पर्याय दिसला तर तोच घ्या. तरीही ब्राउझर धापा टाकत असेल तर शेवटची यंत्रं, म्हणजे पीसी आणि फोन, नकाशावरून लपवा. स्विच आणि राउटरच दिसले तरी काम भागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा जागच्या जागी राहायला हवा. दर वेळी पान उघडलं की नोड नव्या जागी, हे फार वाईट. माणूस जागा लक्षात ठेवून काम करतो. "रँडम सीड" च्या रकान्यात कुठलाही एक आकडा कायमचा लिहा, नकाशा स्थिरावला की हालचाल बंद करा आणि जागा सेव्ह करा. साध्या झाडासारख्या नेटवर्कला खरं तर ही स्प्रिंगची कसरत लागतच नाही. वरून खाली उतरणारी हायरार्किकल मांडणी निवडली की झालं.

लाल आणि करडा

समजा बडोद्यातल्या एका कंपनीचं मुख्य ऑफिस दांडिया बाजारात आहे, देखरेखीचं टूलही तिथेच. शोरूम अलकापुरीत. दोन्ही जागा एका लिंकने जोडलेल्या.

विश्वामित्री नदीला पूर आला आणि काळाघोड्याचा पूल बंद झाला, तर अलकापुरीहून माणसं शहरात येत नाहीत. म्हणून अलकापुरीत काही झालं असं कोणी म्हणत नाही. पूल बंद आहे, पलीकडचं कळत नाही, एवढंच म्हणतो. टूलला मात्र पूल ही कल्पनाच ठाऊक नसते. शोरूमच्या चाळीस यंत्रांनी पिंगला उत्तर दिलं नाही, म्हणून चाळीस लाल ठिपके, चाळीस मेसेज.

नागिओस या जुन्या टूलने यावर सोपा तोडगा ठेवला आहे. यंत्राच्या तीन अवस्था: चालू, बंद आणि पोहोचता येत नाही. प्रत्येक नोडला "पॅरेंट" लिहायचा, म्हणजे त्याच्याकडे जाताना लागणारं आधीचं यंत्र. पॅरेंटच बंद असेल तर मुलाला बंद न म्हणता "पोहोचता येत नाही" म्हणायचं. नकाशावर तो करडा करा आणि त्याचे मेसेज थांबवा. मग शोरूमचा राउटर लाल, मागचे एकोणचाळीस करडे आणि मेसेज एक.

पॅरेंट लिहिताना नजर टूलच्या जागेवरून ठेवायची. दांडिया बाजारातून बघताना वाटेत जे आधी लागतं ते पॅरेंट. पुढे टूलचा सर्व्हर मकरपुऱ्याच्या कारखान्यात हलवला तर सगळे पॅरेंट पुन्हा तपासावे लागतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. दोन वाटा असतील तर दोन्ही पॅरेंट लिहा. दोन्ही बंद पडले तरच नोड करडा होतो.

झॅबिक्स या दुसऱ्या टूलमध्ये नकाशा हाताने मांडतात, आणि नुसत्या रेघा ओढल्याने अवलंबित्व तयार होत नाही. ते ट्रिगरमध्ये, म्हणजे इशारा कधी द्यायचा त्या नियमात, वेगळं लिहावं लागतं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण नकाशा दिसायला बरोबर असतो.

वेळेचा मेळही बघावा लागतो. पॅरेंटला पाच मिनिटांनी आणि मुलांना एका मिनिटाने तपासलं, तर मुलं आधी लाल होतात. पॅरेंटचं अंतर मुलांइतकं किंवा कमी ठेवा. एका चुकलेल्या पिंगवर लाल करू नका, लागोपाठ तीन चुकू द्या. मिनिटाला एक पिंग असेल तर बातमी दोन-तीन मिनिटं उशिरा येईल, आणि ते परवडतं.

राखीव म्हणून ठेवलेली दुसरी केबल स्पॅनिंग ट्री ही व्यवस्था मुद्दाम अडवून ठेवते, नाहीतर डेटा गोल गोल फिरत राहील. अशी लिंक तुटक रेघेने दाखवा. ती लाल दिसली तर नवखा माणूस ती "दुरुस्त" करायला जातो.

"आमच्याकडे वीसच यंत्रं आहेत"

मग कागद पुरतो. एक ए-४, पेन्सिल, तारीख आणि तो रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला. यंत्रं पन्नाशीकडे गेली, किंवा जागा दोन झाल्या, की टूलचा विचार करावा.

"इतके प्रश्न विचारून नेटवर्क मंद नाही का होणार?"

शंभर स्विच, प्रत्येकाला ४८ पोर्ट, पोर्टामागे सहा आकडे, दर पाच मिनिटांनी: सेकंदाला ९६ आकडे. लाइनला हे जाणवतही नाही. जुन्या स्विचच्या प्रोसेसरला मात्र त्याची मोठी वही वाचून दाखवणं जड जातं. म्हणून वाहतूक पाच मिनिटांनी विचारा आणि पूर्ण डिस्कव्हरी दिवसातून एकदाच.

"हा नकाशा चोराच्या हाती लागला तर?"

रास्त भीती आहे. टूल इंटरनेटवर उघडं ठेवू नका, बघणाऱ्याला बदलण्याचा हक्क देऊ नका, आणि बाहेरच्या ठेकेदाराला द्यायच्या प्रतीतून आयपी पत्ते व मॉडेलची नावं काढा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. त्यासाठी टूल आणि स्विच यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) एकच ठेवा. चार यंत्रांच्या लॉगमध्ये चार वेगळ्या वेळा असतील तर आधी काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

तपासून बघा

सगळं लावून झालं की रविवारी सकाळी, ऑफिस रिकामं असताना, शोरूमच्या राउटरची मुख्य केबल काढा आणि पाच मिनिटं थांबा. एक ठिपका लाल, बाकी करडे, मेसेज एकच: सेटिंग बरोबर आहे. दोन-तीन जास्तीचे लाल असतील तर त्या नोडना पॅरेंट लिहायचा राहिला आहे. चाळीसही लाल असतील तर पॅरेंट उलट्या दिशेने लिहिलेत किंवा राउटरची तपासणी उशिराने होते आहे. आणि जोडीला राखीव केबल असताना काहीच लाल झालं नाही, तर तुम्ही राखीव केबल काढली आहे, किंवा मुख्य केबलचं काम राखीवने उचललं आहे. म्हणून ओढण्याआधी दोन्ही केबलींना पोर्टाच्या नंबराची चिठ्ठी लावून ठेवा.